एम.३२४३ए>जी म्युटेशनच्या आजाराची नैसर्गिक वाटचाल गोव्यात कशी अभ्यासावी: पहिल्या वंशावळीपासून पाचव्या वर्षाच्या भेटीपर्यंत

पस्तिशीतला सडपातळ माणूस. मधुमेह आहे, थोडे कमी ऐकू येते, आईला आणि मावशीलाही साखर होती. असा रुग्ण गोव्यातल्या ओपीडीत आला तर कोणाला त्यात विशेष काही वाटत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) देशव्यापी पाहणीत गोव्यातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के निघाले, देशात सर्वांत जास्त. घरोघरी मधुमेह असलेल्या प्रदेशात आईकडून आलेला मधुमेह आणि बहिरेपणा ही जोडी सहज नजरेआड होते. त्याच घरातल्या एखाद्या मुलाला वीस-बाविसाव्या वर्षी फिट येते, एका बाजूची नजर जाते, आणि मग एमआरआयमध्ये रक्तवाहिनीच्या हद्दीत न बसणारा डाग दिसतो. मेलास, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या बिघाडातून येणारा, पक्षाघातासारखे झटके देणारा आजार, हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारले जाते.

मेलासचे वर्णन १९८४ साली झाले. त्यामागचे सर्वांत नेहमीचे म्युटेशन (डीएनएमधला बदल), एम.३२४३ए>जी, १९९० साली सापडले. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रे; त्यांच्या १६,५६९ अक्षरांच्या छोट्या डीएनएमध्ये ३२४३ क्रमांकावर ए च्या जागी जी येतो. हा बिघाड काही प्रतींत असतो, काहींत नसतो. बिघडलेल्या प्रतींची टक्केवारी म्हणजे हेटेरोप्लाझमी. ती माणसागणिक, अवयवागणिक आणि वयागणिक वेगळी असते, म्हणून एकाच आईच्या चार मुलांत एकाला फक्त कमी ऐकू येते, एकाला मधुमेह होतो, एकाला झटके येतात आणि एकाला काहीच होत नाही.

हा आजार कसा पुढे सरकतो, कोणाचा लवकर, कोणाचा सावकाश, हे नीट नोंदलेले नसेल तर उद्या औषध आले तरी ते चालले की नाही हे ठरवता येणार नाही. अशा अभ्यासाचा कणा दोन गोष्टींचा असतो: आईकडची वंशावळ पूर्ण काढणे आणि तीच मोजमापे त्याच पद्धतीने वर्षानुवर्षे घेणे. महागडी यंत्रे नंतर.

आधी प्रश्न आवळा

'मायटोकॉन्ड्रियल आजारांचा अभ्यास' असा प्रस्ताव लिहू नका. मायटोकॉन्ड्रियल आजारांत शेकडो जनुकांचे बिघाड येतात आणि त्यांच्या चाली एकमेकींशी जुळत नाहीत. सगळे एका पिशवीत भरले की सरासरी निघते, पण ती कोणालाच लागू पडत नाही. एकच म्युटेशन घ्या.

संख्येचा अंदाज प्रामाणिकपणे मांडा. इंग्लंडच्या ईशान्य भागातल्या पाहणीत मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या बिघाडामुळे होणाऱ्या सगळ्या आजारांचे प्रौढांतले प्रमाण सुमारे पाच हजारांत एक निघाले. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती. तिकडचा दर इकडे जसाच्या तसा लागू होत नाही, पण नियोजनापुरता इथल्या प्रौढांना लावला तर सगळे प्रकार मिळून दोन-अडीचशे माणसे होतात, आणि एकच म्युटेशन निवडले की काही डझन. म्हणून अभ्यासाचा आराखडा पहिल्या दिवसापासून बेळगाव, कारवार, सिंधुदुर्गातल्या नातेवाइकांना सामावणारा हवा, आणि फॉर्म असे हवेत की पुढे दुसऱ्या केंद्राची माहिती त्यात सरळ जोडता येईल.

मुख्य मोजमाप एकच ठरवा. प्रौढांसाठी न्यूकॅसल मायटोकॉन्ड्रियल डिसीज अ‍ॅडल्ट स्केल, म्हणजे एनएमडीएएस, हे वापरात रुळलेले आहे. मुलांसाठी त्याची वेगळी आवृत्ती आहे, तीन वयोगटांची. बाकी सगळी मोजमापे दुय्यम. मुदत किमान तीन वर्षे. पाच असतील तर चित्र दिसू लागते.

परवानग्या आणि संमती

संस्थेची एथिक्स कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली असावी लागते. नवी औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९ मध्ये ते आहे. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे समोर ठेवून प्रस्ताव लिहा. निरीक्षणात्मक अभ्यासही सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीत, नोंदवता येतो. पहिला सहभागी घेण्यापूर्वी नोंदवा. परदेशी संस्था भागीदार असेल किंवा नमुने बाहेर जाणार असतील तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज आधी करा.

संमतीपत्र कोकणी आणि मराठी दोन्हींत हवे, आणि कोकणी देवनागरीबरोबर रोमी (रोमन) लिपीतही. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतल्या ख्रिस्ती घरात देवनागरी कागद दिला तर तो घडी घालून ठेवला जातो आणि सही होते ती न वाचता. सात ते बारा वयाच्या मुलांची तोंडी होकारार्थी संमती आणि बारा ते अठरा वयात लेखी, पालकांच्या सहीसोबत.

संमतीपत्रात या गोष्टींना स्वतंत्र चौकटी द्या, एकाच सहीत गुंडाळू नका: नमुने साठवणे, पुढे पुन्हा संपर्क करणे, स्वतःचा निकाल कळवणे, नातेवाइकांपर्यंत पोचण्यासाठी मदत करणे, नाव काढून माहिती इतर संशोधकांना देणे. निकाल नको म्हणणाऱ्याचा हक्क खरा माना. लक्षणे नसलेल्या लहान मुलांची जनुकीय तपासणी अभ्यासाच्या सोयीसाठी करू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. हा आजार आईकडून येतो हे कळले की घरात बोट बाईकडे जाते. सून, तिचे माहेर, तिच्या लग्नाच्या बहिणी, सगळ्यांवर. समुपदेशन म्हणजे पाच मिनिटांचे भाषण नव्हे. बाईला आधी एकटीला भेटा, आणि कोणाला काय सांगायचे हे तिने ठरवू द्या. मुलग्यांना स्पष्ट सांगा की तुम्हाला आजार असला तरी तुमच्या मुलांना तो तुमच्याकडून जाणार नाही. हे एक वाक्य कळल्यावर अनेकांच्या डोक्यावरचे ओझे उतरते. मामाच्या मुलीशी लग्न झाले म्हणून आजार आला, हा समजही इथे चुकीचा आहे: मामाला म्युटेशन असले तरी ते त्याच्या मुलीला मिळत नाही. तिला मायटोकॉन्ड्रिया मिळतात ते मामीकडून.

आईकडची वंशावळ

नेहमीच्या फॉर्मवर वंशावळ वडिलांच्या आडनावाने चालते. इथे ती उलटी चालवावी लागते. रुग्ण, त्याची आई, आईची आई, तिची आई; मग प्रत्येकीची सगळी भावंडे, आणि बहिणींची सगळी मुले. भावांच्या मुलांपाशी रेघ थांबते.

गोव्यात यात खरी अडचण येते ती लग्नाची. बऱ्याच हिंदू घरांत लग्नानंतर बाईचे आडनावच नव्हे, पहिले नावही बदलते. त्यामुळे 'आजीचे नाव काय' या प्रश्नाला सासरचे नाव मिळते आणि तिच्या बहिणींचा माग तुटतो. प्रश्न असा विचारा: आजीचे माहेर कुठले? माहेरी तिला काय म्हणत? तिच्या बहिणी कुठल्या गावात दिल्या? तिच्या भावांच्या घरी आता कोण आहे? एका प्रश्नाला एक गाव मिळाले तरी पुरे, त्या गावात मावसघर सापडते. घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईला विचारा. पुरुषांना आईकडच्या तीन पिढ्या क्वचित सांगता येतात.

कागदपत्रांचा आधार इथे चांगला आहे. पोर्तुगीज काळापासून जन्म-विवाहाची नागरी नोंदणी आहे, आणि ख्रिस्ती कुटुंबांत चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या. पोर्तुगीज पासपोर्टसाठी आजी-आजोबांची नोंद काढलेली असेल तर त्याची प्रत घरीच असते. ती बघायला मागा, झेरॉक्स स्वतःकडे ठेवू नका. आईचे नाव आणि जन्मवर्ष टिपले की काम झाले.

प्रत्येक नातेवाइकासाठी सात गोष्टी विचारा, 'कोणाला काही आजार होता का' असे मोघम नको: मधुमेह कोणत्या वयात लागला, इन्सुलिन किती वर्षांनी लागले, ऐकू येणे कधी कमी झाले, फिट किंवा पक्षाघातासारखा झटका, हृदयाचा आजार किंवा अचानक मृत्यू, किडनी, आणि उंची-अंगकाठी. 'म्हातारपणामुळे ऐकू येत नव्हते' हे उत्तर आले तर वय विचारा. पंचेचाळिसाव्या वर्षीचे म्हातारपण हे लक्षण आहे.

नवे रुग्ण शोधायला न्यूरोलॉजी पुरत नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा रुग्णालयांत पाच खिडक्यांवर एकच छोटा कागद लावा: मधुमेह, कान-नाक-घसा, डोळे, हृदय, किडनी. त्यावर लिहा: मधुमेह पंचेचाळिशीच्या आत, अंगकाठी सडपातळ, दोन्ही कानांनी कमी ऐकू येते, आईकडे तसाच इतिहास. यातल्या तीन गोष्टी जुळल्या की फोन करा.

सौम्य आणि बिनलक्षणाच्या नातेवाइकांना अभ्यासात घेणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे काम. फक्त वॉर्डात आलेले रुग्ण मोजले तर आजार खऱ्यापेक्षा भयंकर दिसतो आणि घरच्यांना खोटी भीती घातली जाते.

भेटीचा दिवस

भेट वर्षातून एकदा पूर्ण, मध्ये सहा महिन्यांनी फोनवर. पूर्ण भेट दरवर्षी त्याच महिन्यात घ्या, मागेपुढे तीस दिवसांची सूट. मे महिन्याच्या घामट उकाड्यात चाललेले अंतर आणि जानेवारीतले अंतर यांची तुलना करून आजार वाढला म्हणणे चूक आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोयीचा काळ. गणेश चवथीच्या आसपास कोणी येणार नाही, आणि यावे अशी अपेक्षा न ठेवणेच बरे. ताप, डेंग्यू, जुलाब होऊन चार आठवडे झाले नसतील तर तारीख पुढे ढकला.

काणकोणहून बांबोळी सत्तरेक किलोमीटर. पहाटेची कदंब बस पकडून आलेल्या माणसाला थेट चालायला लावू नका. गाडीभाडे आणि सोबत्याचे जेवण अंदाजपत्रकात धरा. कामांचा क्रम ठरलेला हवा, कारण एक चाचणी दुसरीला बिघडवते:

१. अर्धा तास बसून विश्रांती. २. रक्त आणि लघवीचा नमुना. ३. नाश्ता. ४. उंची, वजन, रक्तदाब, ईसीजी, इको. ५. कानांची तपासणी, २५० ते ८००० हर्ट्झ. ६. डोळे. ७. एनएमडीएएस. ८. पकडीची ताकद, खुर्चीतून उठणे. ९. सहा मिनिटांचे चालणे, सगळ्यांत शेवटी.

लॅक्टेटबद्दल (पेशींत ऊर्जा नीट तयार झाली नाही की रक्तात साचणारा पदार्थ) थोडे थांबून लिहावे लागेल, कारण ते सगळ्यांत जास्त वेळा वाया जाते. दंडाला पट्टा बांधून, मूठ उघड-मीट करायला लावून काढलेल्या रक्तात लॅक्टेट वाढलेले दिसते, आणि ती वाढ आजाराची नसते. पट्टा न बांधता किंवा सुई लागताच सोडून रक्त काढा. राखाडी बुचाची फ्लोराइड-ऑक्झलेट ट्यूब वापरा, लगेच बर्फात ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत प्लाझ्मा वेगळा करा. साध्या ट्यूबमध्ये टेबलावर पडून राहिली तर तांबड्या पेशी ग्लुकोज वापरत राहतात आणि लॅक्टेट वाढत जाते. लहान मूल रडत असेल तर फॉर्मवर 'रडत होते' असा रकाना असू द्या. रात्रभर उपाशी राहायला सांगताना आठ-दहा तासांच्या पुढे जाऊ नका, आणि नुकताच झटका येऊन गेलेल्याला उपाशी ठेवूच नका. एकादशी किंवा श्रावणातल्या उपवासाच्या दुसऱ्या दिवशी भेट ठेवू नका.

एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) एकट्यावर विसंबू नका. लोहाची कमतरता असली की ते वाढलेले दिसते, तांबड्या पेशी लवकर फुटत असल्या की कमी दिसते. सोबत हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटीची साखर हवीच. लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर दरवर्षी करा, किडनीचा सहभाग तिथे आधी दिसतो. जीडीएफ१५ (या आजारांत रक्तात वाढणारे एक प्रथिन) मोजणार असाल तर मेटफॉर्मिन चालू आहे का, किडनी कशी आहे, गर्भारपण आहे का हे लिहा. तिन्हींमुळे ते वाढते.

हेटेरोप्लाझमी: रक्त, लघवी आणि वय

जांभळ्या बुचाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये पाच मिलिलिटर रक्त, आणि सकाळची पहिली लघवी ५० ते १०० मिलिलिटर. लघवीत मूत्रमार्गाच्या पेशी येतात आणि त्यांत म्युटेशन रक्तापेक्षा जास्त टिकून राहते. ती घरून आणत असतील तर आइसबॉक्समध्ये थंड ठेवून आणा, पण गोठवू नका. गोठली की पेशी फुटतात. आल्या दिवशीच सेंट्रिफ्यूज करून खालचा गाळ वेगळा काढा आणि उणे ८० अंशांवर ठेवा. मासिक पाळीत किंवा मूत्रमार्गात संसर्ग असताना नमुना घेऊ नका, कारण रक्तपेशी मिसळल्या की टक्केवारी खोटी खाली येते. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करून दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवा, वेगवेगळ्या वीजजोडणीवर.

तपासणीची पद्धत लिहून ठेवा आणि मध्येच बदलू नका. सँगर सिक्वेन्सिंगला (डीएनए वाचण्याची जुनी, नेहमीची पद्धत) पंधरा-वीस टक्क्यांच्या खालचे म्युटेशन नीट दिसत नाही. साठीतल्या आईचा रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो आणि मुलाचे म्युटेशन नवेच उपजले असा निष्कर्ष काढला जातो. पायरोसिक्वेन्सिंग, डिजिटल पीसीआर किंवा खोल नेक्स्ट-जनरेशन सिक्वेन्सिंग वापरा, आणि रक्तात काही दिसले नाही तरी लघवी तपासल्याशिवाय 'नाही' म्हणू नका.

रक्तातली टक्केवारी वयाबरोबर घसरत जाते. म्हणून कच्चा आकडा दोन माणसांत ताडून पाहता येत नाही. वयानुसार दुरुस्तीचे २०१८ साली प्रसिद्ध झालेले सूत्र साधे आहे: रक्तातली टक्केवारी भागिले ०.९७७ चा (वय + १२) वा घात. रक्तात १८ टक्के असलेला वीस वर्षांचा मुलगा घ्या: ०.९७७ चा ३२ वा घात ०.४७५, म्हणजे दुरुस्त आकडा सुमारे ३८. तेच १८ टक्के पन्नाशीच्या बाईत असतील तर भाजक ०.२३६, आणि उत्तर सुमारे ७६. रिपोर्टवर सारखा दिसणारा आकडा, पण प्रत्यक्षात दुप्पट ओझे. लघवीचा आकडा बायकांत पुरुषांपेक्षा कमी येतो, म्हणून विश्लेषणात लिंग धरा.

कुटुंबाला टक्केवारी सांगताना एक मर्यादा पाळा. या आकड्यावरून 'तुम्हाला झटका कधी येईल' हे सांगता येत नाही. फार कमी आकडा दिलासा देतो, फार मोठा सावध करतो, मधल्या भागात तो फारसे काही बोलत नाही.

एनएमडीएएस भरताना

या मोजपट्टीत पहिला भाग दैनंदिन कामांचा, दहा प्रश्नांचा; दुसरा अवयवांचा, नऊ; तिसरा प्रत्यक्ष तपासणीचा, दहा. प्रत्येकाला ० ते ५, म्हणजे एकूण १४५ गुण, जितके जास्त तितका आजार जास्त. चौथा भाग जगण्याच्या दर्जाचा, तो वेगळा मोजतात. चुका होतात त्या मुदतीत: पहिला भाग मागच्या चार आठवड्यांचा, दुसरा मागच्या बारा महिन्यांचा, तिसरा त्या क्षणी दिसते त्याचा. आठ महिन्यांपूर्वीची फिट पहिल्या भागातल्या गुणांत शिरकाव करते आणि मग पुढच्या वर्षी रुग्ण 'सुधारला' असे दिसते.

भाषांतर दोघांकडून स्वतंत्र करून घ्या, तिसऱ्याकडून उलट भाषांतर, आणि पाच-सहा रुग्णांसमोर प्रत्येक प्रश्न वाचून 'तुम्हाला यातून काय कळले' असे विचारा. मूळ कर्त्यांची परवानगी आधी. एक प्रश्न अन्न कापणे आणि भांडी हाताळणे याबद्दल आहे. इथे माणूस सुरी-काट्याने जेवत नाही. त्याच बारीक हालचाली बघायच्या तर विचारा: बांगड्याचा काटा स्वतः काढता का, शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी) कालवून घास न सांडता तोंडापर्यंत जातो का, की घरचे काटे काढून देतात? काटे दुसऱ्याने काढून देणे ही पहिली पायरी असते, आणि घरात ती कोणाच्या लक्षातही आलेली नसते. शाकाहारी घरात नारळ खवणे किंवा पाटावर बसून भाजी चिरणे विचारा. कोणत्या उत्तराला किती गुण, हे मॅन्युअलमध्ये उदाहरणासह लिहून टाका, नाहीतर प्रत्येक डॉक्टर आपला अर्थ लावतो. हस्ताक्षराच्या प्रश्नातही सही आणि एक ठरलेले वाक्य, दोन्ही कागदावर घ्या आणि तो कागद फाइलला लावा. पाच वर्षांची हस्ताक्षरे शेजारी ठेवली की वाद राहत नाही.

ऐकण्याचा प्रश्न विचारताना कानाचे मशीन लावून विचारले की काढून, ते लिहा. दुसऱ्या वर्षी मशीन मिळाले आणि गुण घटले तर तो आजार मागे गेला असे नव्हे.

सुरुवातीला दोन जणांनी एकाच दिवशी दहा रुग्णांना स्वतंत्रपणे गुण द्यावेत. समजा दोघांच्या बेरजेत सरासरी तीन गुणांचा फरक पडतो आणि आजार वर्षाला एक गुणाने सरकतो, तर एका वर्षाच्या माहितीत आजाराची चाल दिसणारच नाही, दिसेल ती डॉक्टरांची. फरक कमी होईपर्यंत प्रशिक्षण चालू ठेवा.

चालण्याच्या चाचणीला ३० मीटरचा सपाट, छपराखालचा व्हरांडा लागतो, दर तीन मीटरवर खूण. विश्रांतीत नाडी १२० च्या वर, रक्तदाब १८०/१०० च्या वर असेल तर चालवू नका. दर मिनिटाला बोलायची वाक्ये ठरलेली, तीच, त्याच आवाजात. 'चल रे, आणखी थोडे' असे प्रेमाने म्हटले तरी अंतर वाढते आणि माहिती बिघडते. पायांत काय घातले होते तेही लिहा. खुर्चीतून पाच वेळा उठण्यासाठी ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली, एकच ठरलेली खुर्ची. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या उंचीत फरक असतो आणि त्या वाकतात. पकडीच्या ताकदीसाठी कोपर काटकोनात, प्रत्येक हाताचे तीन प्रयत्न; सर्वोत्तम घ्यायचा की सरासरी हे पहिल्याच दिवशी ठरवा.

झटक्याची नोंद

पक्षाघातासारखा झटका ही या आजारातली सर्वांत मोठी घटना. तो बांबोळीतच येईल असे नाही. १०८ जवळच्या रुग्णालयात नेईल. म्हणून प्रत्येक सहभागीच्या खिशात एक कार्ड द्या: आजाराचे नाव, समन्वयकाचा फोन, शक्य असेल तर लवकर एमआरआय डिफ्यूजनसह, ईईजी, लॅक्टेट, आणि व्हॅल्प्रोएट (फिटचे औषध) शक्यतो टाळावे, अमिनोग्लायकोसाइड (अँटिबायोटिकांचा एक गट) टाळावे, मेटफॉर्मिन चालू असल्यास उपचार करणाऱ्यांनी विचार करावा. हे डाग बहुधा डोक्याच्या मागच्या भागात येतात आणि काही आठवड्यांत विरूनही जातात. एमआरआय उशिरा झाला तर पुरावाच उरत नाही. झटक्यानंतर तीन महिने एनएमडीएएसचा नियमित आकडा धरू नका, घटनेचा फॉर्म वेगळा भरा.

नैसर्गिक वाटचालीचा अभ्यास म्हणजे उपचार रोखणे नव्हे. जो उपचार चालू आहे तो चालू राहतो. औषध, डोस, सुरू केल्याची आणि थांबवल्याची तारीख, कोक्यू१० सारख्या पूरक गोळ्याही, सगळे टिपायचे. भेटीत इको बिघडलेला दिसला तर त्याच दिवशी हृदयविभागाकडे पाठवा, अहवालाची वाट पाहू नका.

जे येत नाहीत त्यांच्याकडे जा

तिसऱ्या वर्षापासून भेटी गळू लागतात. गळणारे बहुतेक दोन टोकांचे असतात: ज्यांना चालता येत नाही आणि ज्यांना काहीच होत नाही म्हणून कामावरून रजा काढवत नाही. पहिले सुटले की आजार सौम्य दिसतो. घरभेटीची पिशवी तयार ठेवा: पकड मोजायचे यंत्र, तीच ४३ सेंटिमीटरची घडीची खुर्ची, वजनकाटा, टेप, स्टॉपवॉच, लघवीची बाटली, आइसबॉक्स. चालण्याची चाचणी घरी करू नका. त्या रकान्यात कारणाचा कोड लिहा. 'चालता येत नाही' आणि 'जागा नव्हती' यांना एकच रिकामा रकाना दिला तर पुढे दोन्हींत फरक करता येत नाही. मृत्यू झाला तर कुटुंबाची बाराव्या-तेराव्याची वेळ जाऊ द्या, मग जाऊन भेटा.

माहिती आणि विश्लेषण

रेडकॅप किंवा तत्सम, संशोधनाची माहिती नोंदवायची संगणक प्रणाली वापरा, एक्सेलची फाइल ईमेलवर फिरवू नका. गोवा लहान आहे. गाव, आडनाव आणि बहिरेपणा एवढे तीन शब्द एकत्र आले की माणूस ओळखला जातो. विश्लेषणाच्या फाइलमध्ये गाव नको, तालुकाही गरजेपुरताच. नाव आणि कोड जोडणारी यादी वेगळ्या संगणकावर, कुलपात. वंशावळ छापायची तर ज्या शाखा मुद्द्याला लागत नाहीत त्या गाळा आणि कुटुंबाला आधी दाखवा.

विश्लेषणाआधी प्रत्येक माणसाची रेघ कागदावर काढून बघा, वय खाली आणि गुण उभे. ज्याच्यामुळे कुटुंब सापडले तो रुग्ण बाजूला काढून हिशेब पुन्हा करा. तो बहुधा घरातला सर्वांत आजारी असतो. मिश्र-परिणाम मॉडेलमध्ये (एकाच माणसाची, एकाच घरातली मोजमापे एकमेकांशी बांधलेली धरणारे गणित) व्यक्ती आणि आईकडची शाखा असे दोन स्तर ठेवा, कारण एकाच आजीची नातवंडे एकमेकांपासून स्वतंत्र नमुने नव्हेत. वय हाच काळाचा अक्ष ठेवलात तर चाळिशीत अभ्यासात आलेला माणूस चाळिशीपर्यंत जगला म्हणूनच आला आहे, हे गणितात धरावे लागते. साध्या मधुमेहाचे प्रमाण इथे इतके आहे की एनएमडीएएसच्या दुसऱ्या भागातला मधुमेहाचा गुण वगळूनही बेरीज करून पाहा. आणि कोणी औषधाच्या चाचणीत गेला तर त्या तारखेपासून त्याची माहिती या हिशेबातून थांबवा.

पदव्युत्तर विद्यार्थी तीन वर्षांनी जातो, अभ्यास पाच वर्षांचा. जाणारा आणि येणारा यांनी किमान दोन महिने एकत्र काम करावे, पाच रुग्णांना स्वतंत्र गुण द्यावेत आणि फरक मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवावा. समन्वयक मात्र पाचही वर्षे तोच असावा; कुटुंबे विभागाला फोन करत नाहीत, त्या एका माणसाला करतात. त्याचा पगार अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा.